निळी अक्काची, लाल माझी

अक्का गेल्याचा फोन पुतण्यानं दवाखान्यातून केला. तो रडत होता. मी म्हटलं, शेवटी स्वतःचंच खरं केलं तुझ्या आईनं...

गेल्या महिनाभरात आलेली प्रत्येक बाई सांगून गेली, मालनअक्का लई गोड होत्या. गोड? माझी थोरली जाऊ होती ती. भवानी पेठेतल्या घरात मी खिडकी उघडली की ती लावायची, मी लावली की उघडायची.

मी नुकतीच आजी झाले होते तेव्हाची गोष्ट. छातीत दुखरी गाठ लागली आणि मी जी नाटकं केली म्हणता! साड्या वाटून टाकल्या, नातवाचं जावळ काही बघायला मिळत नाही म्हणून शेजारणींना रडवलं. सोनोग्राफीला अक्का सोबत आली. आलेच आहे तर माझीही एक बारकी गाठ बघा, दुखत नाही काही, असं डॉक्टरीणबाईंना म्हणाली. गाठ मऊ की कडक, ते त्या मशीनवर रंगांत दिसतं. माझी लालसर-हिरवी निघाली, तिची गडद निळी. बाईंनी नीट समजावलं. इथं निळं म्हणजे कडक. शिवाय हिची कड वेडीवाकडी आहे, आत रक्तही खेळतंय. तरी नुसत्या चित्रावर ठरत नाही, सुईनं बारीक तुकडा काढून तपासायचा. माझ्या गाठीवर फक्त लक्ष ठेवायचं होतं.

रिक्षात अक्का म्हणाली, "लाल तुजी हाय. माजी निळी. टेंभुर्णीच्या चौकात वाढलीय मी, मला सिग्नल शिकवू नगं."

"सिग्नलला निळा दिवा असतो कुठं, अक्का?"

"नसतो न्हवं? मग थांबायचं कशाला?"

पुढं कित्येक महिने मी हात जोडले, रडले, रिपोर्ट नाचवला. सुई टोचली की पसरतं, एवढंच तिचं पालुपद. ही बाई उलट सांगितलं तरच ऐकते, हे लग्नाच्या पहिल्या आठवड्यात कळलं होतं. पण मी पडले मोठी शहाणी, विनवण्या करत बसले. अखेर एका संध्याकाळी म्हटलं, तुम्ही जाऊच नका अक्का, भित्र्या माणसाचं ते काम नाही. सकाळी ती पातळ नेसून दारात उभी. तोवर गाठ काखेपर्यंत पोचली होती.

ऑपरेशन झालं, इंजेक्शनं झाली, केस गेले. तोंड तेवढं शाबूत. शेवटच्या भेटीत मला जवळ बोलावून विचारलं, "तुजी हाय का अजून?"

"आहे."

"बघ. मी काढून टाकली की."

मरतानाही वरचढ. मी अजून माफ केलेलं नाही तिला, आणि करणारही नाही.

आमचा ओटा एकच, अर्धा तिचा, अर्धा माझा. परवा सून म्हणाली, आता पसरा की मोकळ्या हातानं. पसरलं. परात तिच्या बाजूला सरकवली, पीठही तिकडंच सांडलं. भाकरी थापायला घेतल्यावर बघते, तर कोपर अंगाशी आवळलेलं, पलीकडच्या बाईला लागू नये म्हणून...

गेली, पण जागा सोडली नाही.