टॉवेलखालचे महाराज

म्हैसूरच्या नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. त्या तैलचित्राचं प्रकरण मात्र अजून जसंच्या तसं डोळ्यांपुढे उभं राहतं.

माझ्या निवृत्तीला थोडाच काळ उरला होता. शहरातल्या एका जुन्या वाचनालयाचे अध्यक्ष ठाण्यात आले आणि त्यांनी चोरीची फिर्याद दिली. एका संस्थानिकाचं दरबारी पोशाखातलं, कमरेपर्यंतचं, खऱ्या माणसाएवढं चित्र गायब झालं होतं. बंगळूरच्या एका हॉटेलला ते विकायचं ठरलं होतं. सभागृहाच्या रंगकामासाठी ते उतरवून व्हरांड्यात ठेवलं होतं, तिथूनच ते गेलं.

संशय अर्थातच रंगाऱ्यांवर होता. त्यांचे जबाब घेतले, जुन्या वस्तूंचे व्यापारी तपासले, फ्रेम करणारे तपासले. हाती काही लागलं नाही. मग आमच्या हवालदाराला रिक्षा स्टँडवर खबर मिळाली. एका म्हाताऱ्याने चादरीत गुंडाळलेली मोठी चौकट भर दुपारी शहराबाहेर येलवालला नेली होती. प्रत्येक खड्ड्याला तो गाडी हळू घ्यायला लावत होता. रिक्षावाला म्हणाला, आजारी माणूस घेऊन चाललोय असंच वाटत होतं.

रिक्षावाल्याने घर दाखवलं. दार म्हाताऱ्यानेच उघडलं. ऐंशीच्या आसपासचे, इस्त्रीचा शर्ट घातलेले गृहस्थ. त्यांनी आम्हाला आत घेतलं, काही लपवलं नाही. चित्र पलंगासमोर खुर्चीवर टेकवून ठेवलं होतं. पण महाराजांच्या चेहऱ्यावर टॉवेल टाकलेला होता. दिसत होते फक्त तलवारीच्या मुठीवर ठेवलेले दोन हात.

पंचनामा करून चित्र आणि गृहस्थ दोघांना ठाण्यात आणलं. मी कन्नडमध्ये प्रश्न विचारत होतो. कोणासाठी चोरलं, गिऱ्हाईक कोण, आणखी कोण सामील आहे? ते जमिनीकडे बघत बसले होते. बाकावर सरकून बसताना मात्र ते ‘अगं आई गं’ असं पुटपुटले. मी मराठीत विचारलं, ‘काका, घरी कोण कोण असतं तुमच्या?’

त्यांनी वर पाहिलं. बोलणं मराठी होतं, पण ‘सर’चं ‘सार’ इथलं, म्हैसूरचं. ‘तुम्ही आपल्यातले होय? कुणी नाही हो सार. मंडळी गेल्या. मुलगा परदेशात. त्याच्या मुलांना मराठी येत नाही, मला त्यांचं इंग्लिश समजत नाही. फोनवर नुसतं ‘हॅलो, हॅलो’ होतं.’

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यांचे वडील दरबारात चाकरीला होते. महाराजांना चित्रकारासमोर ताटकळत बसायला सवड नसे. चेहरा पुरा झाला की ते निघून जात. पुढे त्यांच्याच अंगकाठीच्या माणसाला तो पोशाख चढवून बसवत आणि चित्रकार बाकीचं रंगवी. या चित्रासाठी वडील बसले होते. काका लहान असतानाच ते वारले. त्यांचा एकही फोटो नव्हता. ही सगळी हकिकत आईने सांगितलेली.

‘चेहरा महाराजांचा,’ ते म्हणाले, ‘हात आमच्या अप्पांचे.’

हे खरं कशावरून, असं मी विचारलं. त्यांनी आपला हात टेबलावर ठेवला. करंगळी टोकाला आत वळलेली होती. मी मुद्देमालाची चादर बाजूला केली. तलवारीच्या मुठीवरची करंगळी तशीच वळलेली होती.

विक्रीचं कळल्यावर ते अध्यक्षांना भेटले होते. चित्राखाली महाराजांचं नाव आहे, हातांना नाव नसतं, असं उत्तर त्यांना मिळालं होतं. फोटो काढून देतो, असंही अध्यक्ष म्हणाले होते.

‘मग फोटो का नाही घेतला?’

‘फोटोत हात लहान होतात, सार. यांच्यावर मला माझा हात ठेवता येतो.’

गुन्हा दाखल झाला होता, तो मागे घेणं माझ्या हातात नव्हतं. त्यांना जामीन मिळाला. चित्र वाचनालयाच्या ताब्यात द्यायची वेळ आली तेव्हा, निकाल लागेपर्यंत ते विकू नये, अशी अट घालण्याची विनंती मी न्यायालयाला केली. ती मान्य झाली. प्रकरण रेंगाळलं, कंटाळून हॉटेलवाल्यांनी दुसरं चित्र घेतलं. शेवटी न्यायालयाच्या परवानगीने तडजोड झाली आणि चित्र पुन्हा भिंतीवर लागलं, जरा खाली, काकांचा हात पोचेल असं. तेवढं अध्यक्षांनी स्वतःहून केलं.

चोरीमागे फायदा शोधायचा, हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवतात आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. पण काही माणसं सोबतीसाठीही गुन्हा करतात. त्यांना दरडावून काही मिळत नाही. त्यांच्या भाषेत एक साधा प्रश्न विचारावा लागतो आणि उत्तर येईपर्यंत थांबावं लागतं. ही गोष्ट मला नोकरी संपत आली तेव्हा कळली.

निवृत्तीनंतर वर्षभरात माझी पत्नी गेली. एका दुपारी घरात बसवेना, म्हणून मी वाचनालयात गेलो. काका चित्रासमोरच्या बाकावर होते. त्यांनी मला ओळखलं, सरकून जागा दिली. मीही त्या हातांकडे बघत बसलो. पहारेकरी खिडक्या लावायला लागला तसे ते उठले.

‘उद्या येता ना?’ त्यांनी विचारलं.

मी हो म्हणालो.