नितीनच्या पाठीमागचा प्लॅटफॉर्म

आधीच सांगते, भास, संकेत असल्या गोष्टींना हसणाऱ्यातली मी. या ग्रुपवरचे अनुभव वाचतानाही मनातल्या मनात शंका काढत बसायचे. तरी आज लिहितेय… कारण त्या दिवशी मी एकटी नव्हते.

आम्ही मस्कतच्या टोकाला, माबेलाला राहतो. नवरा, नितीन, अल् खुवैरच्या एका कंपनीत इंजिनिअर. मागच्या वर्षी कंपनीने त्याला ट्रेनिंगसाठी जपानला पाठवलं होतं. कारखान्यातून खोलीवर जायला एका डब्याची लोकल. स्टेशन एवढंसं — एक प्लॅटफॉर्म, तिकिटाचं मशीन, बसायला पत्र्याची शेड, भोवती भातशेती. स्टेशनमास्तरसुद्धा नाही. गाडी येईपर्यंत तो मला व्हिडिओ कॉल करायचा.

तो शुक्रवार होता. इथे भर दुपार, तिथे संध्याकाळ, पण उजेड होता. शेजारच्या रझियाभाभी, मूळच्या रत्नागिरीच्या, बरक्याच्या मासळीबाजारातून आणलेली सुरमई द्यायला आल्या होत्या. आम्ही दोघी ओट्याशी उभ्या राहून फोनकडे बघत होतो. नितीन शेडमधल्या बाकावर बसलेला. वारा इतका सुटला होता की त्याचं अर्धं बोलणं ऐकूच येत नव्हतं.

"मागं कोण उभंय गो?" भाभींनी विचारलं.

मलाही दिसलं. त्याच्या खांद्यावरून, प्लॅटफॉर्मच्या पार टोकाला… गडद रेनकोट घातलेला उंच माणूस. हात उंच करून बोलावत होता.

"नितीन, तुला कोणीतरी बोलावतंय."

त्याने वळून पाहिलं. "कोणी नाहीये गं." त्याने कॅमेरा फिरवून दाखवला. प्लॅटफॉर्म रिकामा. कॅमेरा परत स्वतःकडे केला — आणि तो माणूस निम्म्या अंतरावर आलेला! एवढ्या जवळून चेहरा दिसायला हवा होता. दिसत नव्हता.

"ऊठ तिथून. आत्ताच्या आत्ता बाहेर जा!"

"या वाऱ्यात? वेडी आहेस का?"

भाभींनी फोन हिसकावला. "भाईजान, यल्ला, उठा आधी! बायको रडतेय इथं!"

तो वैतागून उठला, बॅग तिथेच टाकून. स्क्रीनवर त्याचे बूट, मग पायऱ्या… आणि ट्रकमधून लोखंड ओतावं तसा आवाज. कॉल कट.

मी फोन लावत राहिले. लागेना. भाभी माझा हात धरून पुटपुटत दुआ मागत होत्या. शेवटी त्याचाच कॉल आला. त्याने आधी कॅमेरा शेडकडे धरला. शेडचं अख्खं छप्पर बाकावर कोसळलं होतं. खालून बॅगेचा पट्टा तेवढा बाहेर आला होता.

नितीन म्हणाला, जुनी शेड, वारा, आणि नेटवर्क खराब असलं की स्क्रीनवर काहीही दिसतं. मी तेच धरून बसले.

तो परत आल्यावर भाभींनी आम्हाला जेवायला बोलावलं. बोलता बोलता मी म्हणाले, "त्या रेनकोटवाल्या माणसाचे उपकारच म्हणायचे."

भाभींचा वाढता हात थांबला. "माणूस? अगो, बाई होती ती. डोक्यावरून ओढणी घेतलेली. आणि बोलवत कुठं होती? जा, जा… हाकलत होती त्यांना."

एकच फोन. दोघींची डोकी एकमेकींना टेकलेली. मला काय दिसलं आणि त्यांना काय, मला आजही सांगता येत नाही. नितीनने त्या दिवशी नेटवर्कचं नाव काढलं नाही. ताटावरून उठला आणि बराच वेळ बाल्कनीत जाऊन उभा राहिला.