खजुराचा मधला कोंब

शारजा किंवा दुबईची छायाचित्रे पाहताना एक गोष्ट तुमच्याही लक्षात आली असेल. नव्या रस्त्यांच्या कडेच्या काही खजुरांच्या झावळ्या पसरलेल्या नसतात. वर ओढून, मेथीची जुडी बांधावी तशा दोरीने करकचून बांधलेल्या असतात. असे का? तीस वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवूनही मला याचे उत्तर ठाऊक नव्हते.

ते मिळाले या जानेवारीत. माझा धाकटा भाऊ सुहास शारजात झाडे लावणाऱ्या एका कंत्राटदाराकडे पर्यवेक्षक आहे. तिथल्या मराठी ख्रिस्ती मंडळीने मला शुक्रवारच्या उपासनेत साक्ष द्यायला, म्हणजे विश्वासाचा स्वतःचा अनुभव सांगायला, बोलावले. विषय होता पापक्षमा. चर्चमध्ये रविवारी मुलांसाठी भरणाऱ्या शब्बाथ शाळेत मी वर्षानुवर्षे हेच शिकवत आले आहे, त्यामुळे बारा पानांचे टिपण सहज झाले. मात्र एक गोष्ट त्यात नव्हती. सात वर्षांपूर्वी बाबा गेले, तेव्हा सुहासने मला फोन करून सांगितले होते, "विमान मिळालंय, उद्या दहापर्यंत पोचतो, थांबा." मी कोणालाच ते सांगितले नाही. आठ वर्षे बाबांचे सगळे मी एकटीने केले होते. मनात राग होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाच दफनविधी उरकला. सुहास आला तो ओल्या मातीपाशी. "डॉक्टर म्हणाले, थांबता येणार नाही," असे मी त्याला सांगितले. डॉक्टर असे काहीही म्हणाले नव्हते.

जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. सकाळी शाल लागते. दुबईहून शारजाला बस येते, तिकीट बारा दिरहम, म्हणजे पावणेतीनशे-तीनशे रुपये. मात्र संध्याकाळी पाचनंतर त्या रस्त्यावर निघू नये. दुबईत नोकरी आणि शारजात स्वस्त भाड्याचे घर असणारे सगळे त्याच वेळी परततात, आणि अर्ध्या तासाच्या वाटेला दोन तास लागतात.

गुरुवारी सुहास मला त्यांच्या रोपवाटिकेत घेऊन गेला. वाटेत औद्योगिक क्षेत्रातल्या टपरीवजा हॉटेलात आम्ही परोटा खाल्ला आणि वेलचीचा दाट चहा घेतला. चहा दीड दिरहम. "पस्तीस रुपये!" मी म्हणाले. "ताई, इथे रुपयांत भाषांतर करून प्यायलीस तर चहा कडूच लागेल," सुहास हसला.

रोपवाटिकेत क्रेन चालवणारे हनीफभाई भेटले. मूळचे दापोलीचे, वीस वर्षे इथे. माझा प्रश्न ऐकताच त्यांनी मला एका आडव्या ठेवलेल्या खजुरापाशी नेले.

"झाड उपटलं की मुळं तुटतात ना? पाणी ओढायचं कुणी? झावळ्या पसरल्या तर वाऱ्यानं झाड वाळेल. म्हणून बांधायच्या. आणि मधला कोंबपण सांभाळला जातो."

"हे झाड तर छान हिरवं आहे."

"मेलंय ते."

मी पुन्हा पाहिले. झावळ्या हिरव्यागार होत्या.

"खोडात पाणी असतं, ताई. महिनोन् महिने हिरवं दिसतं. हिरवं बघून फसायचं नाय. मधला कोंब ओढा."

मी सगळ्यात आतली, न उमललेली झावळी धरून ओढली. ती अलगद हातात आली. टोकाशी कुजलेली होती. आंबूस वास आला.

"खलास," हनीफभाई म्हणाले.

मग माझ्यातली शिक्षिका जागी झाली. वड तोडला तर बाजूने फुटतो, कारण त्याला अनेक अंकुर असतात. उंच वाढलेल्या खजुराचा वाढबिंदू एकच, अगदी मध्यभागी. तो मेला की पाणी, खत, औषध कशाचाच उपयोग नाही. सुहासला मी हे उत्साहाने समजावत होते आणि बोलता बोलता थांबले. आत्मिक मरण म्हणजे काय, हे मुलांना शिकवताना मी नेहमी वाळलेल्या फांदीचे चित्र काढत असे. ते चित्र चुकीचे होते. खरे चित्र हे, हिरवे. रविवार न चुकवणारे, उपास पाळणारे, इतरांना पापक्षमा शिकवणारे.

परतताना व्हायचे तेच झाले. पाच वाजून गेले होते आणि आम्ही दुबईहून येणाऱ्या गाड्यांच्या कोंडीत अडकलो. सुहास सहज म्हणाला, "बाबांच्या वेळी एक दिवस आधी निघालो असतो ना, तर..."

"सुहास, डॉक्टर काही म्हणाले नव्हते. तू येतोयस हे मी कोणालाच सांगितलं नाही. मी थांबले नाही. मी खोटं बोलले. पण मी तेव्हा..."

तो 'पण' माझ्या कानांना ऐकू आला. मी वाक्य तिथेच सोडले.

पुढची रांग सरकली. मागच्या गाडीने भोंगा वाजवला. "यल्ला, यल्ला," 'चला, चला' असे खिडकीतून कोणीतरी अरबीत ओरडले. सुहासने गाडी पुढे घेतली.

"सात वर्षं मी स्वतःला दोष देतोय, ताई," एवढेच तो म्हणाला. 

शुक्रवारी मी बारा पाने पर्समध्येच ठेवली. चर्चच्या एकाच आवारात मल्याळी, तमिळ, उर्दू मंडळ्या पाळीपाळीने जमतात. आम्हाला मिळालेल्या तासात मी पाच मिनिटेच बोलले. खजुराची गोष्ट सांगितली आणि ती उपमा कुठे संपते तेही. मेलेल्या झाडात कोणताही माळी स्वतःचा जीव घालू शकत नाही. मसीहाने तेच केले, असा आमचा विश्वास आहे: आमचे मरण स्वतःवर घेतले आणि स्वतःचे जीवन आम्हाला दिले. ते चांगल्या वागणुकीचे बक्षीस नव्हे. मेलेला बक्षीस मिळवणार कसा? "हे मी आयुष्यभर शिकवलं," मी म्हणाले, "स्वतःसाठी मागितलं मात्र काल रात्री." मग भावाशी काय केले ते सांगितले, आणि बसले.

सुहास शेवटच्या बाकावर होता. उपासनेनंतर तो चहाचा कप घेऊन आला. बिनसाखरेचा, मला लागतो तसा.  विमानतळावर तो म्हणाला, "नाताळला येतो. बाबांच्या कबरीपाशी दोघं जाऊ. आणि तू आधी पोचू नकोस."

आता घरी आहे. कबरीभोवतीचे गवत अजून काढलेले नाही. ते दोघांनी मिळून काढायचे. क्षमा पूर्ण झाली का, मला माहीत नाही. देवाकडची झाली आहे. भावाकडची वाढते आहे, आणि तिला वेळ लागेल.

तुम्हाला खजूर शोधायला शारजाला जावे लागणार नाही. ज्याच्याशी चुकीचे वागलात अशा एका माणसाचे नाव घ्या आणि मोठ्याने म्हणा, "मी चुकलो," किंवा "मी चुकले." मग गप्प राहा आणि जिभेवर 'पण' येतो का ते पाहा. आला, तर झावळ्यांना आणखी पाणी घालू नका. ज्याच्याकडे जीवन आहे, त्याच्याकडे ते मागा, आणि तेच वाक्य पुन्हा म्हणून पाहा.