डाव्या पायाला रजा

वाशीम जिल्ह्यात असा एकही खड्डा नसेल, जो माझ्या बायकोच्या मामांना चेहऱ्याने ओळखत नाही. मामा एसटीत बत्तीस वर्षं चालक होते आणि त्यातली बहुतेक वर्षं कारंजा ते रिसोड या एकाच फेरीवर होते. त्यामुळे त्यांच्या लेखी जगाचा नकाशा शेलूबाजार, मालेगाव, शिरपूर असा उलगडत जातो आणि रिसोडच्या स्टँडवर संपतो. त्यापुढे काही असलंच तर ते दुसऱ्या डेपोचं. मी कारंज्याच्या कॉलेजात भूगोल शिकवतो, हे कळल्यावर त्यांनी माझ्या लग्नात, हळद वाळायच्या आत, मला पहिला प्रश्न विचारला होता, "शिरपूरच्या अलीकडे मोठी चिंच लागते, थे कोनत्या हाताले?" मला सांगता आलं नाही. तेव्हापासून माझ्या पदवीबद्दल ते बोलत नाहीत, मोठ्या मनाने विषय बदलतात.

माणसं ते गियरमध्ये मोजतात. त्यांचा थोरला भाऊ टॉप गियरचा, समोरचा किराणा दुकानदार चढावर दुसऱ्यात अडकलेला, आणि माझ्याबद्दल त्यांनी भाचीला दिलेलं मत ती आजही पाहुण्यांसमोर चहाबरोबर वाढते, "जवाई वाईट नाहीत पोरी. फक्त न्यूट्रल आहेत." पण मामांची खरी खूण म्हणजे घंटी. कंडक्टरने दोनदा घंटी दिल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हा नियम त्यांच्या हाडात इतका मुरला की निवृत्तीनंतरही ते दोन घंट्यांशिवाय कुठेच निघत नाहीत. शेतात जायचं असो, दाढीला जायचं असो, चपला घालून उंबऱ्यात उभे राहतात. आतून मामी स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवतात, टण टण, की मामा सुटले. एकदा मामी माहेरी गेल्या होत्या आणि ही कामगिरी पाहुणा म्हणून आलेल्या माझ्याकडे आली. मी पेला उचलला, एकदा वाजवला, तेवढ्यात माझा फोन वाजला म्हणून मागच्या अंगणात गेलो. बऱ्याच वेळाने परत येतो तर मामा चपला काढून उंबऱ्यावर बसलेले.

"काय झालं मामा? गेला नाहीत?"

"एक घंटी म्हनजे थांबा," ते शांतपणे म्हणाले. "तुमी थांबवलं, मी थांबलो."

अशा या माणसाने चालवलेल्या गाडीत मामी मात्र आयुष्यात एकदाही बसलेल्या नव्हत्या. मामींचं माहेर शिरपूर जैन. मामांची बस रोज दोनदा त्या गावातून जायची. पण घरची बाई मागे बसली की चालकाचा एक डोळा आरशात जातो, अन् बाकीच्या पन्नास जणांनी एका डोळ्याच्या भरवशावर कायले बसावं, असं मामांचं म्हणणं होतं. त्यामुळे मामींना माहेरी जायचं झालं की मामा म्हणायचे, "तू दुसऱ्या गाडीनं ये." मामी यायच्या. आधीच्या गाडीने नाहीतर नंतरच्या. शिरपूरच्या थांब्यावर कधी कधी मामांची बस धूळ उडवत समोरून निघून जायची आणि मामी पिशवी धरून आपल्या गाडीची वाट पाहत उभ्या असायच्या. या अन्यायाची भरपाई म्हणून मामांनी वचन दिलं होतं, "रिटायर झालो का तुले मी सोता नेतो. समोरच्या सीटवर बस. पाह्यजे तेवढं पाह्यतो मंग तुह्याकडे." निवृत्त झाल्यावर त्यांनी जुनी जीप घेतलीही. आणि जीप धुऊन-पुसून तयार झाली त्याच आठवड्यात मामांचा पाय शेताच्या बांधावरून घसरला. डाव्या मांडीत सळई बसली. डॉक्टरांनी सांगितलं, चाला, फिरा, उजव्या पायाला काही झालेलं नाही, फक्त क्लच विसरा.

बत्तीस वर्षं ज्या पायाने क्लच दाबला त्याला क्लच विसरायला सांगणं म्हणजे मला खडू विसरायला सांगण्यासारखं. मामांनी जीप पुतण्याला देऊन टाकली. त्यानंतरची तीन वर्षं त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नाही. बसने जावं लागलंच तर सगळ्यात मागच्या सीटवर बसायचे, कारण तिथून चालक दिसत नाही. मात्र लायसनची मुदत संपायच्या आत स्वतः जाऊन ते नवं करून आणलं. मी विचारलं, "कशाला मामा?" तर म्हणाले, "फोटो चांगला येते."

आता माझ्या गाडीकडे येतो, कारण माझी फजिती सांगितल्याशिवाय मामांचा मोठेपणा कळायचा नाही. क्लच आणि मी यांचं कधीच जमलं नाही. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत मी कारंज्याच्या एकाच चौकात इतक्या वेळा इंजिन बंद पाडलं की तिथला पानवाला मला बघून स्टूल पुढे सरकवायचा. म्हणून मी ऑटोमॅटिक गाडी घेतली. बदली होऊन गेलेल्या एका बँकेच्या साहेबाची, सात महिने वापरलेली, मागच्या सीटचं प्लॅस्टिकसुद्धा न काढलेली. क्लच नाही, गियर नाही, दाबा आणि जा. मी दाबायचो. गाडी जायची नाही. म्हणजे जायची, पण आधी विचार करायची. ॲक्सिलरेटर दाबला की ती क्षणभर गप्प, मग थोडी कुरकुर, मग पुन्हा गप्प, आणि मी आशा सोडली की एकदम अशी उसळी मारायची की बायकोच्या मांडीवरचा डबा डॅशबोर्डवर. शेलूबाजारच्या चौकात तर ऐन रस्त्याच्या मध्ये तिला विचार सुचला. मागे सोयाबीनने भरलेला ट्रॅक्टर. त्याच्यावरचा माणूस वरूनच म्हणाला, "सर, धक्का देऊ का?" बायको दार उघडायला लागली. "मी पायी होते पुढं," ती म्हणाली, "तुमी या आरामानं."

अकोल्याला शोरूममध्ये दाखवली. त्यांनी कॉम्प्युटर लावला, दोष निघाला नाही. त्यांचा माणूस चालवायला बसला की गाडी अशी वागायची जशी तपासणीच्या दिवशी आमची पोरं वागतात. मी बसलो की पुन्हा पहिले पाढे. स्टाफरूममध्ये एकाने सांगितलं पेट्रोलपंप बदला, बदलला. दुसऱ्याने सांगितलं लिंबू-मिरची बांधा, बांधली. तिसरा म्हणाला, "गाडीले तुमी पसंत नाई सर." यावर उपाय नव्हता. शेवटी मी विकायचं ठरवलं, तेव्हा बायको म्हणाली, "विकायच्या आधी एक डाव मामाले दाखवा."

नवी गाडी घेतल्याचं कळवलं तेव्हा मामा आपल्या गावाहून, कामरगावहून, पाहायलाही आले नव्हते. या वेळी मी फोनवर गाडी आजारी असल्याचं सांगितलं. पलीकडून एकच शब्द आला, "आना."

आम्ही पोचलो त्या दिवशी मामींची गडबड चालली होती. दुसऱ्या दिवशी शिरपूरला त्यांच्या भावाच्या नव्या घराची वास्तू होती आणि त्या तीनच्या बसने निघणार होत्या. पिशवी भरून दारात ठेवलेली. मामा जाणार नव्हते. पायाचं निमित्त होतं. ते काठी टेकत बाहेर आले, बोनेटवर तळहात ठेवला आणि वैद्याने विचारावं तसं विचारू लागले. सकाळी जास्त होते का दुपारी? चढावर का सपाटीवर? एकटे असता तवा का भाची बसली असते तवा? मी म्हटलं, "मामा, बोनेट उघडू का?"

"कायले? तुमचं पोट दुखलं तं डॉक्टर पयले पोट उघडते का? चालवून दाखवा. शाळेच्या वळनापर्यंत जा, परत या."

मी गेलो, आलो. गाडी नेहमीप्रमाणे अडखळली. मामा रस्त्याच्या कडेला उभे. "अजून एक डाव," ते म्हणाले. "बैल मांगून पाहा लागते, चाल समजते." दुसऱ्या खेपेला मात्र ते गाडीच्या मागेच उभे राहिले आणि मी परत आलो तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर मी तीन वर्षांत न पाहिलेलं काहीतरी होतं. त्यांनी पुढचं दार उघडलं, डावा पाय हाताने उचलून आत घेतला आणि माझ्या शेजारी बसले. समोरच्या सीटवर.

"चालवा."

मी चालवू लागलो. ते रस्त्याकडे पाहत नव्हते. खाली वाकून माझ्या पायांकडे पाहत होते.

"जवाई, तुमचा डावा पाय काय करून राह्यला?"

"काही नाही. नुसता बसलाय."

"कायच्यावर बसला?"

मी खाली पाहिलं. माझा डावा पाय ब्रेकवर बसला होता. नुसता ठेवलेला नव्हता, चांगला टेकून बसला होता. ड्रायव्हिंग स्कूलमधल्या त्या सगळ्या फजितीनंतर तो बिचारा सवयीने क्लच शोधत निघायचा, क्लच नसल्यामुळे त्याला रुंद असा ब्रेक सापडायचा, आणि घर मिळाल्यासारखा तो तिथे राहायचा. उजवा पाय म्हणायचा चल, डावा म्हणायचा थांब, आणि गाडी दोघांचं ऐकून घेऊन इंजिनाची ताकद आखडून धरायची. घाबरून माझा डावा पाय उडाला की तीच गाडी उसळी मारायची.

"मांगचे लाल दिवे लागले, अन् गाडी पुढं चालली," मामा म्हणाले. "असं म्या बत्तीस वर्षांत नाई पाह्यलं. एका पायानं डबल घंटी देता, दुसऱ्या पायानं सिंगल. कोनाचं आयकन ते?"

मला लाज वाटायला हवी होती, पण मला शोरूमचा तो माणूस आठवला, ट्रॅक्टरवाला आठवला, बांधलेल्या मिरच्या आठवल्या, आणि मी हसत सुटलो. मामा हसले नाहीत. त्यांचं उपचाराकडे लक्ष होतं. "डाव्या पायातला बूट काढा," ते म्हणाले. काढला. तो त्यांनी घेऊन आपल्या मांडीवर ठेवला. "आता पाय सीटखाली घ्या. त्याले रजा. उजवाच पाय चालवन, उजवाच थांबवन. जोपर्यंत बूट माह्याजवळ, तोपर्यंत त्या पायाचा अन् गाडीचा संबंध नाई." मी उजव्या पायाने ॲक्सिलरेटर दाबला. गाडी निघाली. विचार नाही, कुरकुर नाही, पाण्यावरून होडी जावी तशी शाळेचं वळण घेऊन परत दारात आली. तीन महिने मी जिला दोष देत होतो तिची मला मनातल्या मनात माफी मागावीशी वाटली.

मामा उतरले नाहीत. माझा बूट मांडीवर धरून बसून राहिले. मग हळूच म्हणाले, "मंग या गाडीले डावा पाय लागतच नाई?"

"नाही मामा."

"कवाच नाई?"

"कधीच नाही."

त्यांनी आपल्या डाव्या मांडीवरून हात फिरवला, सळईच्या जागेवरून. मी आयुष्यात वेळेवर फार थोड्या गोष्टी केल्या आहेत. ही त्यातली एक. मी खाली उतरलो आणि म्हणालो, "मामा, मला पायात गोळा आलाय. गाडी जरा सावलीत लावता का?" सावली गाडीवर आधीच होती. मामांनी ते पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. काठी मागे ठेवली. गाडीला वळसा घालून या बाजूला आले. स्टिअरिंगला हात लावून कपाळाला लावला, सीट पुढे घेतली, आरसा आपल्या मापाचा केला, पट्टा लावला, खिशातलं लायसन चाचपलं आणि तयार होऊन बसले. गाडी मात्र हलेना. हलणार कशी, घंटी कुठे झाली होती?

मामी दारात येऊन हे सगळं पाहत होत्या. हाताला कणीक तशीच. त्यांनी पदराला हात पुसले, पिशवी उचलली, मागचं दार उघडलं आणि प्लॅस्टिकवर बसल्या.

मामा आरशात पाहून म्हणाले, "तू दुसऱ्या गाडीनं ये."

"बत्तीस वर्षं आली दुसऱ्या गाडीनं," मामी म्हणाल्या. "झाल्या आता माह्या दुसऱ्या गाड्या."

 बायकोने माझा हात दाबला. मग मामींनी बांगड्यांचा हात उचलला आणि खिडकीच्या काचेवर वाजवला. टण टण.

गाडी निघाली. मी रस्त्यात उभा राहून पाहत होतो, मागून, बैलाची चाल पाहतात तशी. शाळेच्या वळणापर्यंत लाल दिवे एकदाही लागले नाहीत. वळणावर एकदा लागले, जेवढे लागायला हवेत तेवढेच, आणि गाडी दिसेनाशी झाली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी एकाच पायात बूट घालून उभा आहे. दुसरा मामांच्या सीटशेजारी गेला होता.

मला वाटलं गावाबाहेरच्या फाट्यापर्यंत जाऊन येतील. चहा झाला, बायकोने उरलेल्या कणकेच्या पोळ्या केल्या, आमचं जेवण झालं. मग मामींचा फोन आला. "जवाई, शिरपूर आलं. चिंच डाव्या हाताले हाये, तुमाले सांगा म्हनले." मागे कोणीतरी हसत होतं, भांडी वाजत होती.

"मामी, सगळा रस्ता आरशातच पाहत होते का?"

"नाई बाप्पा," त्या म्हणाल्या. "एकडावबी नाई. मीच पाहून राह्यली होती." मग जरा थांबून, "तुमचा बूट हाये इथं. उद्या वास्तू झाली का घेऊन येतो."

फोन ठेवून, सकाळी कॉलेज आहे म्हणून, मी कारंज्याची बस पकडायला निघालो, एका पायात बूट घालून उंबऱ्यात उभा राहिलो. आतून बायकोने पेल्यावर चमचा वाजवला. मी वाट पाहिली. दुसरी घंटी आली नाही. मी उरलेला बूट काढला आणि मामा तेव्हा बसले होते त्या जागेवर उंबऱ्यावर बसलो.