अल ऐनची आगोट

आगोटअंकल आठवायचे म्हटले की मला आधी त्यांचे पाय आठवतात. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांच्या शिडीचा मधला भाग तेवढा दिसायचा. ऑक्टोबर उजाडला की त्या शिडीवर दोन काटकुळे पाय आणि निळ्या पट्ट्याच्या स्लिपर हमखास उभ्या असत. बाकीचे अंकल वर कुठेतरी गच्चीच्या कठड्याशी झटत असायचे. मी खिडकीतूनच ओरडायची, "अंकल, चहा?" वरून उत्तर यायचं, "ठेव बाय, एवढा पाइप झाला की आलोच." तो चहा कायम गार व्हायचा. यांना गार चहाच आवडतो, अशी मी पुढे माझी समजूत करून घेतली.

त्यांचं नाव पास्कोल, गाव वसई, नोकरी एका हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये. अल ऐनमधल्या एका जुन्या व्हिलाचे मालकाने भिंती घालून तुकडे केले होते. एका तुकड्यात ते एकटे, शेजारच्यात आम्ही. मध्ये सामाईक अंगण, ज्याला इथे होश म्हणतात, आणि त्यात एक म्हातारं बोराचं झाड. वसईकडे पावसाळ्याच्या तोंडावर घराची डागडुजी करायची, लाकूडफाटा आणि सुकी मासळी भरून ठेवायची, पश्चिमेच्या अंगाला झावळ्यांचे झाप बांधायचे, या सगळ्या तयारीला आगोट म्हणतात. अंकलनी ती आगोट उचलून वाळवंटात आणली होती, फक्त मे महिन्याऐवजी ऑक्टोबरात. 'आगोटअंकल' हे नाव माझ्या नवऱ्याने ठेवलं. ते अंकलच्या कानावर गेलं तेव्हा ते रागावण्याऐवजी चक्क खूश झाले.

वाळवंटात कसली आलीय आगोट, असं कोणालाही वाटेल. पुण्याहून नव्याने आलेल्या मलाही वाटलं होतं. पण इथला उन्हाळा घराची बाहेरून पार रया घालवतो. भिंती तडकतात, दारांचं रबर वितळल्यासारखं होतं, धूळ सगळीकडे थापून बसते. मग हिवाळा येतो आणि जी माणसं सहा महिने एसीत कोंडून बसलेली असतात ती खुर्च्या घेऊन बाहेर येतात. पाऊसही हिवाळ्यातच. दोन-तीनदाच येतो, पण आला की सपाट गच्च्यांवर तळी साचतात आणि लोक बादल्या घेऊन धावत सुटतात.

अंकलचं काम वरून खाली चालायचं. आधी गच्ची. पाणी बाहेर टाकणाऱ्या पाइपांच्या तोंडात कबुतरांची घरटी, बोराचा पाला आणि उन्हाळाभराची धूळ गच्च बसलेली असे. ती उकरून काढायची, मग प्रत्येक पाइपात बादलीभर पाणी ओतायचं आणि खाली धावत येऊन ते पडतंय का ते बघायचं. मग भेगा बुजवायच्या, गच्चीला पांढरा वॉटरप्रूफ रंग लावायचा, एसीच्या चौकटीभोवती सिलिकॉन भरायचं. ड्युटीवरून आले की रोज तेवढंच. आमच्या गच्चीचं कामही ते न विचारता करून टाकत. माझा मुलगा वहीतून डोकं न काढता सांगायचा, "आई, अंकल इज ऑन अवर रूफ अगेन."

"अंकल, जरा घराच्या आतही बघा की," मी एकदा चिडवलं. "सगळी हौस बाहेरच?"

"आधी बाहेरचं," ते म्हणाले. "आत काय, आत मीच असतो."

त्यांनी कोणाला कधी आत बोलावलं नाही. बोलवायची गरजही नव्हती. सगळं झालं की बोराखाली वेताच्या दोन खुर्च्या धुऊन मांडल्या जात. एकीवर ते बसत. दुसरी मोकळी असे, आणि आम्ही गेलो की ते लगबगीने प्लास्टिकचं स्टूल आणत. दुसऱ्या खुर्चीबद्दल विचारायची माझी हिंमत झाली नाही, असं माझ्याबाबतीत फार क्वचित होतं.

ते त्यांनीच सांगितलं, एका नोव्हेंबरात, संध्याकाळी. त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा एसी बंद केला होता. सहा महिने चाललेली घरघर थांबते तेव्हा घरात खरं किती शांत आहे ते एकदम कळतं, आणि मला ते कळणं कधीच सोसत नाही. नवरा नोकरीसाठी लांब हमरिया फ्री झोनमध्ये राहायचा, तो फक्त शुक्रवारी रात्री यायचा. मुलाचं सगळं जग हेडफोनमध्ये. मी बाहेर येऊन स्टुलावर बसले.

अंकलनी व्हिलाचा हा तुकडा भाड्याने घेतला तो बायकोला आणायला. रोझी दोन मुलींना घेऊन डिसेंबरात आली. ती येणार म्हणून अंकलनी वसईच्या पद्धतीने जोरदार आगोट केली होती. खजुराच्या झावळ्या मिळवल्या, झाप विणले आणि पश्चिमेच्या भिंतीला पक्के बांधले. वसईला पाऊस समुद्राकडून, तिरपा येतो, भिंतीवर मारा करतो. इथे तो आला तसा गच्चीवर साचला. पाइप तुंबलेले होते, ते बघायचं अंकलना सुचलंच नव्हतं. भर दुपारी छतातल्या दिव्याच्या भोकातून पाण्याची धार लागली ती थेट मुलींच्या गादीवर. धाकटीला ताप भरला. थोड्याच दिवसांत रोझी मुलींना घेऊन परत गेली आणि पुन्हा आली नाही.

"मी पावसाचं तोंड बघितलं, डोकं बघितलंच नाही," अंकल म्हणाले. "गळक्या घरात कोण बाई राहील? म्हटलं, आता गच्चीतून एक थेंब आत येता कामा नये. मग बोलवायचं."

मग दर वर्षी बोलावणं जाई. आमची खिडकी उघडी असल्यामुळे मी ते दर वर्षी ऐके. "रोझी, आगोट झाली बघ. पाइप सगळे क्लियर. सिलिकॉन नवीन मारलं. हवा अशी मस्त आहे, ये तू." कधी मुलीची दहावी असे, कधी सासूचं आजारपण, कधी तिचे स्वतःचे गुडघे. अंकल शांतपणे म्हणत, "हां हां. पुढच्या वर्षी. इन्शाल्ला." फोन ठेवला की ते उठून उगाच एखाद्या भेगेवरून बोट फिरवत. मला वाटायचं, भेग सापडली तर यांना बरंच वाटेल. निदान ती का येत नाही याचं कारण तरी हाताला लागेल.

आम्ही दोघं एकाच होशात वाट बघत बसायचो, ते पुढच्या वर्षाची आणि मी शुक्रवारची. असं कोणाशी बोलून दाखवायची आमच्यात पद्धत नव्हती. आम्ही पाइपांबद्दल बोलायचो.

आणि गेल्या डिसेंबरात रोझी आली. सासू गेली होती, दोन्ही मुलींची लग्नं झाली होती. गोल चेहऱ्याची, गुडघे धरत चालणारी, मोठ्याने हसणारी बाई. अंकलनी तिला दारातून आत नेलंच नाही. आधी बाहेरून सगळा फेरा घातला. "हा पाइप बघ. हे इथलं रबर बघ, जर्मन आहे." ती बिचारी बॅग हातात घेऊन मान डोलवत होती. मी पोह्यांची ताटली घेऊन गेले तेव्हा ती नुकती आत गेली होती, आणि लगेच बाहेर आली. तिचं हसू मावळलं होतं.

"पास्कू, आत एक खाट आहे," ती म्हणाली. "एक ताट, एक पेला. खिडकीला पडदा नाही. बाहेरून देवळासारखं ठेवलंस आणि आत असा राहिलास?"

"आतलं तू आल्यावर तुझ्या मनासारखं करायचं होतं ना," अंकल म्हणाले.

"मग बाहेरचं कशाला करत बसलास?"

"असं काय करतेस? पावसानेच गेलीस ना तू. गादी भिजली, पोर आजारी पडली…"

 रोझी वेताच्या त्या रिकाम्या खुर्चीवर धपकन बसली.

"पडला असेल रे पाऊस. मला धड आठवतही नाही. मला इथे करमलं नाही, पास्कू. तू सकाळी ड्युटीवर जायचास, मी दिवसभर चार भिंतींत. बोलायचं कुणाशी? म्हणून गेले."

"हे मला सांगायचं ना, बाई."

"कधी सांगणार? फोन केला की तू पाइपांचंच बोलायचास."

मी पोह्यांची ताटली झाडाच्या कट्ट्यावर ठेवली आणि परत फिरले. जाताना मागे बघू नये हे कळत होतं, तरी बघितलं. अंकल शिडीपाशी उभे होते. एवढ्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच हात नुसते लोंबकळत ठेवून उभं राहिलेलं पाहत होते.

रोझी महिनाभर राहिली. पडदे आले, कुकर आला, दुसरी खाट आली. मला त्यांच्या घरात पहिल्यांदा जेवायला बोलावणं आलं, आणि मी तिथे कोंबडी-पोह्यांचं भुजिंग इतकं खाल्लं की पुण्याची अब्रू गेली. पण अंकलनी नोकरी सोडायची नोटीस दिलेली आहे, हे मला त्याच जेवणावर कळलं. व्हिसा कॅन्सल व्हायला थोडे दिवस गेले. रोझी वसईला पुढे गेली, ते फेब्रुवारीत निघाले.

ज्या सकाळी ते निघाले त्या सकाळची हवा म्हणजे अल ऐनमध्ये वर्षातून मोजक्याच वेळा मिळते तशी होती. टॅक्सी फाटकाशी आली होती. मला दुसरं काही सुचेना म्हणून मी म्हटलं, "अंकल, एवढी केलेली आगोट. मार्चपर्यंत तरी राहायचं. हवा बघा कशी आहे."

"तू राहा बाय हवेला," ते म्हणाले. "मी फार राहिलो." मग माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले. त्यांचं घर आता रिकामं आहे. मालक कोणाला दाखवायला आला की भिंत बघून लोक खूश होतात.

त्या दिवशी दुपारी नवऱ्याचा फोन आला. मी नेहमीसारखी सुरुवात केली. विजेचं बिल जास्त आलंय, कारचं रजिस्ट्रेशन आहे, मुलाला नवीन बूट हवेत. तो "हं, हं" करत होता. मध्येच मी थांबले.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"मला इथे करमत नाही," मी म्हटलं.

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.  मग तो म्हणाला, "मलाही."