भरतीने अडवलेली वाट

मंडळी, दुबईहून सुट्टीवर आलोय. नववीतली भाची शबाना सुट्टीभर सायबर कॅफेत बसते, म्हणून आज सकाळी तिला मांडवीच्या समुद्रातल्या खडकांवर मासे गरवायला नेलं.

तिच्या गळाला पहिलाच मासा लागला. त्या आनंदात मी भरती विसरलो. वळून बघतो तर परतीची वाट पाण्याखाली! शबानाला पोहता येत नाही.

"मामू, आता काय?"

"ओहोटी लागेपर्यंत इथंच थांबायचं."

लाटा गुडघ्यांवर आपटत होत्या. चार तास तिचा हात सोडला नाही. मनातून मी पार घाबरलो होतो.

ओहोटीने वाट मोकळी झाली, तेव्हा दुपारी घरी पोचलो. बहिणीने खूप झापलं, ते बरोबरच होतं. शबाना मात्र हळूच म्हणाली, "मामू, उद्या भरतीची वेळ विचारून जाऊया."

तुम्ही माझ्या जागी असता, तर उद्या तिला पुन्हा नेलं असतं का?