मुक्ताची नदी ऑगस्टमध्ये नसते

"तिच्या नदीचं थोडं पाणी आण," आई नाशिकहून फोनवर म्हणाली. "देवघरात गंगेच्या गडूशेजारी ठेवीन."

माझी धाकटी बहीण मुक्ता गेल्या डिसेंबरात बर्फावर गाडी घसरून अपघातात गेली. त्यानंतरच्या आठ महिन्यांत आईनं मागितलेली ही पहिलीच गोष्ट. तेव्हा ऑगस्टअखेरच्या बँक हॉलिडेला, सोमवारच्या जोडसुट्टीत, जायचंच, असं ठरवलं आणि एक छोटा तांब्याचा गडू बॅगेत टाकला.

मुक्ता उत्तर इंग्लंडात, यॉर्कशर वोल्ड्समध्ये पीएचडी करत होती. वोल्ड्स म्हणजे खडूच्या टेकड्या आणि त्यांवर नजर पोचेल तिथवर गहू नाहीतर बार्ली. या शेतांखाली पाणी किती मुरतं, शेतकरी किती उपसतात आणि कुठे ते वर येऊन नदी होतं, हे ती बोअरमधलं पाणी मोजून शोधायची. "ताई, फेब्रुवारीत ये ना, माझी नदी दाखवते," हे मी दोन वर्षं ऐकलं. हिला थंडीची हौस, असं म्हणून दोन्ही वर्षं टाळलं. एकदा तर नव्या सोफ्याची डिलिव्हरी होती म्हणून. तो सोफा आता मला बघवत नाही.

लंडनच्या उत्तर टोकाला, एजवेअरला राहण्याचा एक फायदा, एम वन मोटरवे हाताशी. शनिवारी सकाळी सातला एकटीच निघाले. एम वन, मग एम एटीन, मग एम सिक्स्टी टू, आणि पुढे लहान रस्त्यांनी ड्रिफील्ड. नकाशा प्रिंट करून न्या, शेवटच्या टप्प्यात मोबाइलला रेंज नसते. मोटरवेवरच्या सर्व्हिसेसमधल्या गारढोण सँडविचच्या नादी न लागता मी तिखटमिठाच्या पुऱ्या नेल्या होत्या. आठवडाभर पाऊस लागलेला, वायपरला क्षणाची उसंत नव्हती. मी मात्र मनातून खूश होते. एवढा पाऊस म्हणजे मुक्ताची नदी दुथडी भरून वाहत असणार.

ड्रिफील्डचं बेड अँड ब्रेकफास्ट साधं पण स्वच्छ होतं. शाकाहारी आहे म्हटल्यावर मालकीणबाईंनी टोस्टबरोबर बीन्स, मशरूम आणि परतलेले टोमॅटो एवढे वाढले की दुपारच्या जेवणाची गरज उरली नाही.

रविवारी मुक्ताची वही घेऊन निघाले. तिनं त्यात नकाशा काढला होता आणि एका पुलावर लाल फुली मारली होती. पूल सापडला. खाली नदी नव्हती. गवत होतं, खाजकुइली होती आणि दोन मेंढ्या निवांत चरत होत्या. पूल चुकला असेल म्हणून मैलभर पुढे जाऊन आले, मैलभर मागे जाऊन आले. पूल तोच होता. "काय हा घोळ घातलास मुक्ते!" मी मोठ्यानं ओरडले. आणि हातात गडू धरून तिथेच रडत बसले.

"नदी शोधताय का, लव्ह?" मागून कुणीतरी विचारलं. साठीचा शेतकरी, पायात चिखलाचे वेलिंग्टन बूट. पलीकडचं शेत त्याचंच. नाव जेफ. "ती फेब्रुवारीत येते."

त्यानं मग समजावून सांगितलं. उन्हाळ्यातला पाऊस पिकंच पिऊन टाकतात. हिवाळ्यातला मुरतो, खडू हळूहळू भरत जातो, आणि वर आभाळ कोरडं असलं तरी फेब्रुवारीत नदी जमिनीतून वर येते. मी पावसाळ्यात भरणारे ओढे बघत वाढलेली बाई, ऐन पावसात नदी नसेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मुक्तानं नक्की सांगितलं असणार. मी ऐकलं नसणार.

तेवढ्यात त्याला माझ्या हातातली वही दिसली. "ही तर मुक्ताची! इंडियाहून परत आली का ती? जानेवारीत घरी जाणार म्हणाली होती. तिला सांगा, तिचे आठ महिन्यांचे सोमवार माझ्याकडे साठलेत."

मी यादीवाली बाई. मुक्ता गेल्यावर विद्यापीठ, बँक, घरमालक, कौन्सिल, सगळ्यांना यादी करून कळवलं होतं. हा माणूस कुठल्याच यादीत नव्हता.

मी सांगितलं. त्यानं टोपी काढली आणि पुलाच्या कठड्याला टेकून उभा राहिला.

"मी फोन केला होता," तो म्हणाला. "लागलाच नाही."

मुक्ताचा फोन मीच बंद करून ड्रॉवरमध्ये टाकला होता.

त्यानं मला घरी नेऊन चहा दिला. स्वयंपाकघरात बियाणांच्या दुकानाचं कॅलेंडर लटकत होतं, त्यावर प्रत्येक सोमवारी पेन्सिलीनं एकेक आकडा. बोअरमधलं पाणी जमिनीपासून किती खाली आहे, ते. मुक्तानं त्याला मोजायला शिकवलं होतं आणि म्हणाली होती, मी येऊन घेऊन जाईन.

"आता हे कुणाला द्यायचं?" त्यानं विचारलं.

दुसऱ्या दिवशी सोमवारच होता, म्हणून त्यानं पुन्हा बोलावलं. गोठ्यामागे बोअरचं लोखंडी झाकण उघडलं आणि पाणी मोजायच्या टेपचं रीळ माझ्या हातात दिलं. "आज तुम्ही." टेप खाली, खाली जात राहिली. टोकाला पाणी लागलं आणि हातातलं रीळ पीं करून वाजलं. मुक्ता हाच आवाज शेकडो वेळा ऐकत या जागी उभी राहिली असेल. आकडा जेफनं वाचला.

मग त्यानं अंगणातल्या नळाखाली गडू धरला. तो नळ त्याच बोअरचा.

"पण हे नदीचं नाही," मी म्हटलं.

"मुक्ता म्हणायची, पाणी हेच. अजून वर आलेलं नाही, एवढंच."

नाशिकला निघालेल्या एका ओळखीच्या बाईंबरोबर गडू पाठवला. आईला सगळं खरं सांगितलं. ती इतकंच म्हणाली, "खाली आहे ना? मग ठीक आहे."

या गोष्टीला आता साडेतीन महिने झाले. दर सोमवारी संध्याकाळी जेफचा टेक्स्ट येतो. नमस्कार-चमत्कार काही नाही, फक्त आकडा. तो मी मुक्ताच्या वहीत तिच्या शेवटच्या आकड्यांखाली लिहिते. माझं अक्षर तिच्यापेक्षा वाईट आहे. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, पाणी खालीच जात राहिलं, आणि मी सोमवारला भ्यायला लागले. आई मात्र न चुकता फोन करून विचारते, "कुठवर आली गं?" मुक्ता पुण्याच्या हॉस्टेलवरून घरी यायला निघाली की आई दर तासाला मला हेच विचारायची.

फेब्रुवारीची रजा मी टाकून ठेवली आहे. कशाचीही डिलिव्हरी असली तरी जाणार आहे.

काल आकडा पहिल्यांदा कमी आला. "आई, पाणी वीतभर वर आलंय," मी सांगितलं.

पलीकडे आईनं नाक ओढलं.

"म्हणजे निघाली," ती म्हणाली.